‘नागपूर’ टाकलं की संत्री येतात

बर्डीवरून रोज येणं-जाणं असलेल्या माणसाला भोसले आणि इंग्रजांच्या सीताबर्डीच्या लढाईवर चार पानं लिहायला काय लागतं? किल्ला तर येताजाता दिसतो. पण ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरला हे कोण सांगणार! ‘नागपूरचा इतिहास’ टाकलं, तर संत्र्याच्या लागवडीपासून मनपाच्या बजेटपर्यंत सगळं हजर. भोसले तेवढे गायब. मे महिना. हॉलमधला एकुलता कूलर ग्रंथपाल मॅडमकडे तोंड करून. मदत मागायला मी जरा उत्साहानेच उठलो.

“काय शोधून राहिले भाऊ?”

“लढाई. १८१७ची.”

“मग लढाई टाका ना! इतिहास टाकला तर तो सगळाच येईन.”

मॅडमनी कीबोर्ड ओढला. बर्डीतला ‘र’ साहेबाच्या कानात ‘ल’ होऊन शिरला होता, म्हणून सीताबल्डी. तेही शेवटी डबल ई लावून. नागपूरच्या शेपटाला ओ-आर-ई, कारण भोसल्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्सने १८२७च्या अहवालात तसंच लिहिलंय. लढाईच्या वेळचे राजे आप्पासाहेब मिळत नसतील तर मुधोजी भोसले शोधायचे. आणि १८६१नंतरचं काही हवं असेल तर नागपूरवर अडून बसायचं नाही, थेट ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ हा साहेबाचा नवा प्रांत गाठायचा, नागपूर त्यातच गेलं. म्हणजे गाव आपलं, पण पत्ता साहेबाच्या हस्ताक्षरात.

१८५७च्या वेळी तर जिवावर आलं. ‘स्वातंत्र्यसमर’ टाकलं की आपल्या लोकांनी नंतर लिहिलेली पुस्तकं येतात. गोऱ्यांचे रिपोर्ट हवे असतील तर मुकाट ‘म्युटिनी’ टाइप करा. मी इकडेतिकडे पाहून केलं. शेजारी पेपर वाचत बसलेले काका चष्म्यावरून बघतच होते. “गूगल कर ना बे,” एवढं बोलून ते पुन्हा राशिभविष्यात शिरले.

खरी गंमत मॅडमनी शेवटी दाखवली. कामाचं एक पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीत खाली ‘विषय’ दिलेला असतो. त्यावर क्लिक केलं की त्या विषयाची सगळी भावंडं रांगेने येतात. आपण आपल्या अकलेने शब्द लढवत बसण्यापेक्षा हे बरं. आले की! त्यातलं नेमकं हवं ते निवडलं, क्रमांक चिठ्ठीवर लिहून शिपायाकडे दिला. तो निवांत जाऊन रिकाम्या हाताने आला.

“बाइंडिंगले गेलं हाय.”

“परत कधी येईल?” मी मॅडमना विचारलं.

“ते कॅटलॉगमध्ये नसते ना भाऊ.”