वी

आम्ही चिपळूणचे. पाऊस आणि चालणं या दोन गोष्टी आम्हाला कुणी शिकवू नयेत, अशी माझी स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्रीला जाईपर्यंत समजूत होती.

एडिनबराहून गाडीने दोनेक तास. डंकेल्डच्या आसपास डोंगर अंगावर यायला लागतात, की समजायचं हायलँड्स आले. गाव एका रस्त्याचं. दगडी घरं, लोकरीची दुकानं, खाली टमेल नदी. लेकीने नाश्त्यासकट दोन रात्रींची खोली घेऊन दिली होती. घरमालकीणबाई सत्तरीच्या, गालांवर लाली. त्या इंग्रजीच बोलतात, असं लेक म्हणाली. मला त्यातला एकच शब्द लागायचा : 'वी'. म्हणजे इवलंसं.

"वी शॉवर आहे," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. तो तीन तास चालला. आमचा पाऊस कसा सरळ माणूस. येतो, झोडपतो, जातो. हा पडतच नाही, हवेत लोंबकळतो आणि छत्रीच्या आत येऊन भेटतो.

दुसऱ्या दिवशी "वी हिल" चढून या म्हणाल्या. बेन व्रॅकी, उंची ८४१ मीटर! कोकणात "हे काय, इथंच" म्हणणाऱ्यांच्या भरवशावर मी जन्मभर पायपीट केलीय, तरी शहाणी झाले नव्हते. अर्ध्यावरून परतलो. गुडघे अजून तिथेच असावेत.

नवऱ्याला मात्र सामन मासा बघायचाच होता. इथे नदीवर १९५१ साली पूर्ण झालेलं धरण आहे. अंडी घालायला समुद्रातून उलट्या दिशेने येणाऱ्या माशांना ते आडवं येऊ नये म्हणून शेजारून शिडी केलीय : ३४ हौद, ३१० मीटर. माशांची एवढी सोय बघून मला आमच्याकडचे रेल्वेचे जिने आठवले.

कठड्याला टेकलो. पाऊस थांबला, वाराही पडला. मी म्हटलं, सुटलो. तेवढ्यात आल्या मिजेस. बाईंच्या भाषेत "वी बीस्टीज". आमच्या मुरकुटांची मावसभावंडं. दिसत नाहीत, पण केसांत, कानात, चष्म्याच्या आत. जरा वारा असला की यांना उडता येत नाही, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा वाऱ्यासाठी देवाला हात जोडले. यांच्यात फक्त मादी चावते, हे नवऱ्याने मोबाइलवरून वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

पाऊण तास हिरवट पाणी बघितलं. मी ओढणी डोक्यावरून घेऊन नीट खोचत होते, आणि हा ओरडला, "गेला! केवढा होता!" मी वळले तर तरंग. फोटोत निम्मी ओढणी आणि बाकी फेस.

संध्याकाळी बाईंनी चहा आणला. माझ्या कपाळावरच्या गांधी मोजल्यासारख्या बघितल्या, पण बोलल्या नाहीत. सामन दिसला का, एवढंच विचारलं. नवरा हात फाकवायला लागला होता. मी त्याच्या आधी म्हटलं,

"वी बिट."

बाई खूश झाल्या. उद्या परत जा म्हणाल्या, जवळच तर आहे.