व्हायॉक्स, टीव्ही आणि आईचे गुडघे

गेल्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. संध्याकाळच्या बातम्यांमध्ये लागणाऱ्या औषधांच्या जाहिराती ती बातम्यांपेक्षा अधिक लक्ष देऊन पाहत असे, आणि एके दिवशी तिने विचारले, "हे इंजेक्शन माझ्या गुडघ्यांना चालेल का रे?" जाहिरात आमवाताच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजाराच्या औषधाची होती. आईचे गुडघे वयोमानाने झिजलेले आहेत आणि त्या झिजेवर या इंजेक्शनचा उपयोग नाही. जाहिरातीत खोटे काहीच नव्हते; आजाराचे नावही स्पष्ट उच्चारले होते. पण पडद्यावर दिसत होती ती बागेत गुडघे टेकून रोपे लावणारी एक हसरी बाई, आणि आईने तेवढेच पाहिले. गंभीर संसर्ग, क्षयरोग, लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) ही दुष्परिणामांची यादी निवेदक वाचत होता तेव्हा ती बाई रोपांना पाणी घालत होती.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधाची थेट रुग्णांपुढे अशी जाहिरात करू देणारे विकसित देश दोनच, अमेरिका आणि न्यूझीलंड. अमेरिकेत टीव्हीवर आलेली अशी पहिली जाहिरातही संधिवाताच्याच गोळीची होती: १९८३ मधली बूट्स कंपनीची रूफेन, म्हणजे आपल्या ओळखीचे आयब्युप्रोफेन. खरा पूर आला तो १९९७ नंतर. मुख्य धोके सांगून बाकीच्या माहितीसाठी फोन नंबर, वेबसाइट किंवा मासिकातल्या जाहिरातीकडे बोट दाखवले तरी चालेल, अशी सवलत एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, त्या वर्षी दिली.

या सवलतीचे मोल काय पडले ते व्हायॉक्सने दाखवले. मर्क कंपनीच्या सांधेदुखीवरच्या या गोळीला मे १९९९ मध्ये मंजुरी मिळाली. वेदना शमवण्यात ती जुन्या, स्वस्त गोळ्यांपेक्षा सरस नव्हती; तिचा फायदा एवढाच की पोटात व्रण होण्याचे प्रमाण कमी राहत असे. म्हणजे ज्यांना व्रणाचा धोका आहे त्यांच्यासाठी ती कामाची होती. पण १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी स्केटर डोरोथी हॅमिल जाहिरातीत बर्फावर सहज वळणे घेताना दिसली की आपल्या पोटाचा विचार कोण करणार? २००० साली या एका औषधाच्या जाहिरातींवर १६ कोटी डॉलर खर्च झाले, जे पेप्सीच्या त्या वर्षीच्या जाहिरातखर्चापेक्षाही अधिक होते. आणि त्याच वर्षी ८,००० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: नॅप्रोक्सेन ही जुनी वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका ०.१ टक्के, व्हायॉक्स घेणाऱ्यांमध्ये ०.४ टक्के. कंपनीने याचे श्रेय नॅप्रोक्सेनच्या हृदयरक्षक गुणाला दिले, आणि जाहिराती चालू राहिल्या. औषधाच्या माहितीपत्रकात हा धोका यायला एप्रिल २००२ उजाडला, आणि औषध मागे घेतले गेले ३० सप्टेंबर २००४ रोजी. तोवर सुमारे दोन कोटी अमेरिकन लोकांनी ते घेतलेले होते. एफडीएमधलेच डॉ. डेव्हिड ग्रॅहम यांनी त्या नोव्हेंबरात सेनेटच्या समितीपुढे व्हायॉक्समुळे झालेल्या जादा हृदयविकारांचा अंदाज मांडला तो ८८,००० ते १,३९,००० इतका.

जाहिरात नसती तर औषधातला दोष नाहीसा झाला नसता, हे मला मान्य आहे. पण दुर्मीळ धोका उघडकीला यायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत औषध गरजेपुरत्या थोड्या लोकांकडे जाते की घरोघरी, हे जाहिरात ठरवते. माझा आक्षेप नेमका एवढाच आहे.

जाहिरातीच्या बाजूनेही एक मुद्दा खरा आहे. आमवातात उपचार लवकर सुरू झाले तर सांधे वाचू शकतात, आणि सकाळी तासभर आखडणारी बोटे "वय झालं" म्हणून अंगावर काढणारे पुष्कळ असतात. त्यांतला एखादा जाहिरात पाहून डॉक्टरांकडे गेला तर बरेच झाले. मात्र त्यासाठी आजाराची माहिती पुरेशी आहे, औषधाच्या ब्रँडचे नाव कशाला हवे?

आपल्याकडे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात, ज्या रोगांवरच्या औषधांची जाहिरात करायला मनाई आहे त्यांच्या यादीत संधिवात आहे. तरीही सांधेदुखीच्या तेलांच्या जाहिराती मराठी वाहिन्यांवर दिवसभर पाहायला मिळतात, त्यामुळे अमेरिकेला नावे ठेवताना थोडे जपूनच बोलावे लागते.

अमेरिकेत २००६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेने सुचवले होते की नव्या औषधावर पहिली दोन वर्षे विशेष खूण असावी आणि त्या काळात त्याच्या लोकांपुढील जाहिरातीवर मर्यादा असावी. ती सूचना कायद्यात उतरली नाही. २०२३ मध्ये धोके स्पष्ट, ठळक आणि तटस्थपणे सांगावेत असा नियम आला, तो चांगला आहे. पण धोक्याची यादी कितीही ठळक वाचली तरी तिच्यात, अजून कोणालाच न कळलेला धोका येणार कुठून? व्हायॉक्सच्या जाहिरातींना अशी दोन वर्षांची मर्यादा असती, तर हॅमिलबाई बर्फावर उतरण्याआधी त्या चाचणीचे आकडे हाती असते.

आईला मी तिच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी दोन प्रश्न लिहून दिले: हे औषध माझ्याच आजारावरचे आहे का, आणि ते बाजारात येऊन किती वर्षे झाली.