‘फौजींचे लाड आता पुरे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निमित्ताने मी जे लिहिलं होतं, त्यावर इंदूरच्या सुदामानगरातल्या एका वाचकांची लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली आहे. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: आपल्या कॉलनीत निवृत्त फौजी किंवा त्यांच्या मागे राहिलेल्या बायका असतील तर वर्षातून एकदा स्टेटस लावण्यापेक्षा त्यांच्या कागदपत्रांना, दवाखान्याच्या खेपांना, मुलांच्या नोकरीच्या धडपडीला थोडा हातभार लावा, एवढंच मी म्हटलं होतं.

वाचकांचं म्हणणं असं. फौज ही नोकरी आहे. पगार मिळतो, पुढे पेन्शन, कँटीन, फुकट दवाखाना, मग वर आणखी आभार कशाचे? रात्री सराफ्यातला खाऊबाजार उठल्यावर तिथला कचरा काढणाऱ्या बाईचे आभार कोण मानतं? शिवाय हे असं कौतुक करत राहिलं की लोकांना युद्धाची चटक लागते. आणि शेवटी एक घरचा दाखला: ‘माझे काका हवालदार होऊन परत आले. त्यांना कुणाच्या आठवणीची गरज लागली नाही, त्यांनी ती मागितलीही नाही. कँटीनची बाटली आणि सकाळचा पेपर, माणूस खूष आहे.’

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. ‘जय हिंद, सुंदर लेख’ या ढिगापेक्षा तुमच्या प्रतिक्रियेशी बोलायला जास्त काही सापडलं.

पेन्शनपासूनच सुरुवात करते, कारण माझी अर्धी नोकरी बँकेत पेन्शनच्या काउंटरवर गेली आणि या विषयावर मला जरा जास्तच बोलता येतं. जवानाला पेन्शन मिळायला पंधरा वर्षं पुरी व्हावी लागतात. त्याआधी घरच्या अडचणीने किंवा स्वतःहून जो बाहेर पडला त्याला ती नाही. अशी माणसं आपल्या शहरातही आहेत, फक्त ती ध्वजदिनाच्या व्यासपीठावर दिसत नाहीत. पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं एक अनुदान आहे. २०२५ च्या नोव्हेंबरपासून ते महिन्याला ८००० रुपये झालं, तोवर ४००० होतं. हे पैसे ध्वजदिनाच्या निधीतून येतात. म्हणजे ७ डिसेंबरला लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचं जे कागदी झेंड्याचं चिटोरं आपण शर्टाला लावून संध्याकाळी कपड्यांसोबत धुवायला टाकतो, त्याच्या डब्यातले पैसे कुठे जातात असं तुम्ही विचारलंत, तर त्यातले काही इथे जातात. युद्धात जायबंदी झालेल्यांना, वीरनारींना, फौजींच्या मुलांच्या शिक्षणाला, मुलींच्या लग्नाला. १९४९ पासून ही पद्धत चालू आहे. देणगी थेट ऑनलाइनही देता येते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही. पटत नसेल तर नका देऊ, पण ‘सगळं सरकार देतंच’ हे तेवढं खरं नाही.

ज्यांना पेन्शन आहे त्यांचंही ऐका. जवान निवृत्त होतो तो पस्तीस ते चाळीसच्या वयात. दरवर्षी असे साठ हजारांच्या आसपास लोक बाहेर पडतात. आपल्याकडे त्या वयात माणसाचं फ्लॅटचं कर्ज नुकतं सुरू झालेलं असतं. पोरं सातवी-आठवीत, आईवडील थकलेले. सीमेवरची वर्षं पंधरा-वीस आणि नंतर आपल्यात राहण्याची वर्षं चाळीस. टाळ्या सगळ्या पहिल्या भागाला पडतात. दुसऱ्या भागात हाच माणूस बायपासच्या एखाद्या टाउनशिपच्या गेटवर रजिस्टर घेऊन उभा असतो आणि आत जाणारी पोरं त्याला ‘ए गार्ड’ म्हणतात. माझ्या लेखाचा विषय हा दुसरा भाग होता. पहिल्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आता काउंटरवरची एक गोष्ट, म्हणजे मी ‘कागदपत्रांना हातभार’ का म्हणत होते ते कळेल. एक बाई आल्या. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होता, निवृत्त होऊन इंदूरला स्थायिक झालेला, हार्टअटॅकने गेला. फॅमिली पेन्शन सुरू करायची. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची जुनी हौस. तांदळात अंगठीने लिहिलं की झालं. आधारवर, रेशनकार्डावर, मतदारयादीत त्या सासरच्या नावाने. फौजेच्या रेकॉर्डमध्ये मात्र माहेरचं नाव, कारण लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली नोंद, निघाली तेव्हा नवऱ्याने घाईत शाळेच्या दाखल्यावरचं नाव देऊन टाकलं होतं. कागदोपत्री त्या मेलेल्या माणसाच्या बायकोच नव्हत्या. मग प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे पुरावे, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, तिथून शंका, त्या शंकेचं उत्तर. बाई दर वेळी प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक घेऊन यायच्या. पिशवीला गाठ मारलेली, गाठ सोडायला त्यांना वेळ लागायचा आणि मागची रांग च्यक् च्यक् करायची. मला आठवतं की त्या रांगेत छातीला तिरंग्याचा बिल्ला लावलेले एक गृहस्थ होते. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

यात कुणी दुष्ट नव्हतं. बँकेचा नियम बरोबर, रेकॉर्ड ऑफिसचाही बरोबर. पण अर्ज इंग्रजीत, बाईंना मराठी आणि मोडकंतोडकं हिंदी, मुलगा पीथमपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये. शेजारच्या एखाद्या शिक्षकाने एक रविवार काढला असता तर निम्म्या खेपा वाचल्या असत्या. सैनिकाची आठवण ठेवायची म्हणजे काय करायचं, याचं माझ्याकडचं उत्तर एवढं नीरस आहे.

आता तर सगळं ‘स्पर्श’वर गेलं. संरक्षण पेन्शनचं काम बँकांकडून निघून प्रयागराजच्या त्या एका पोर्टलवर आलं, ते एका परीने चांगलंच झालं. पण ऐंशीच्या सुभेदाराला पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह घालायला सांगून बघा. ओटीपी येतो पुण्याला राहणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा मीटिंगमध्ये. वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावाच लागतो, नाही दिला तर पेन्शन थांबते. तो घरबसल्या ‘जीवन प्रमाण’वरून देता येतो. बोटांचे ठसे झिजलेले असतील, आणि सत्तरीनंतर ते बहुतेकांचे झिजतात, तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही होतो. उजेडाकडे तोंड करून बसवायचं, चष्मा काढायला सांगायचा आणि पापण्या मिटायला. पाच-दहा मिनिटांचं काम. आमच्या गल्लीतले एक सुभेदारसाहेब मोबाइल समोर धरला की सावधानमध्ये बसतात आणि पापणी काही केल्या मिटत नाहीत. दरवर्षी आधी हसून घ्यावं लागतं, मग दाखला निघतो.

सफाईवाल्या बाईंच्या मुद्द्यावर वाद घालणार नाही, कारण वाद नाहीच. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं म्हणून मिरवतं ते त्यांच्या जिवावर, आणि त्यांचे आभार आपण मानत नाही ही लाजेची गोष्ट. मात्र त्यांचं देणं थकवलंय म्हणून फौजीचंही थकवा, हा हिशोब मला बँकेत कुणी शिकवला नाही. त्यांच्यावर तुम्ही लिहा, मी आनंदाने शेअर करेन.

युद्धाची चटक हा मुद्दा मात्र हलका नाही. मे २०२५ मध्ये इंदूरमध्ये मॉक ड्रिलचा भोंगा वाजला, दिवे घालवले, तेव्हा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत कट्ट्यावर पोह्यांची प्लेट हातात घेऊन लोक ‘आता घुसायलाच पाहिजे’ म्हणत होते, ते मीही ऐकलंय. तेच लोक आठवड्याने आयपीएलवर बोलत होते. अशा बोलण्याला तुम्ही नावं ठेवलीत तर मी तुमच्या बाजूला उभी आहे. पण त्या बोलण्याला आठवण कुठे म्हणायचं? तो जोश आहे, आणि जोशाला आठवणीची गरजच नसते.

आठवण काय ते बघायचं तर श्रीलंकेचं बघा. १९८७ च्या जुलैत करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. जवळपास १२०० जवान मेले. युद्ध लोकांना नको होतं, तामिळनाडूत तर मुळीच नको होतं. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा तिच्या स्वागताला जायला मुख्यमंत्री करुणानिधींनी नकार दिला. त्यांची राजकीय कारणं त्यांच्यापाशी. पण जहाजातून उतरणाऱ्या शिपायाने तो करार केला नव्हता. त्या मोहिमेत एकच परमवीर चक्र मिळालं, मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना, मरणोत्तर. तारीख २५ नोव्हेंबर १९८७, पलटण ८ महार. महार रेजिमेंटचं केंद्र आपल्याच मध्य प्रदेशात सागरला आहे. कारगिलच्या ५२७ जणांची आठवण आपण दर २६ जुलैला काढतो, ते योग्यच. पण श्रीलंकेतून परतलेला माणूस तुमच्या शेजारी राहत असेल तर त्याच्या वाट्याला कुठली तारीख येते? ज्या समाजाला फक्त जिंकलेली युद्धं आठवतात त्याला चटक लागते, हे मला मान्य. हरलेली, फसलेली, अर्ध्यात सोडलेली युद्धं ज्यांनी लढली त्यांच्याशी पाच मिनिटं बोललेला माणूस ‘घुसायला पाहिजे’ इतक्या सहज म्हणत नाही. म्हणून मला वाटतं, तुमची भीती खरी असेल तर त्यावरचा इलाज आठवण कमी करण्यात नाही.

‘फौजी म्हटलं की मान मिळतोच’ असं तुम्ही ओघात लिहिलंय. महू इथून तासाभराच्या आत आहे. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांच्या मुलुखात ती छावणी बसली, आज तिथे इन्फंट्री स्कूल आहे. त्या गावाचं नाव आता डॉ. आंबेडकरनगर. बाबासाहेब १४ एप्रिल १८९१ ला तिथे जन्मले ते वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते म्हणून. रामजी लष्करी शाळेत शिकवत. निवृत्त झाल्यावर ते कुटुंब घेऊन दापोलीला आणि मग साताऱ्याला गेले. पुढची कथा मराठी माणसाला सांगायला नको: साताऱ्याच्या शाळेत या सुभेदाराच्या मुलाला वेगळं बसवलं, बसायचं गोणपाट घरून न्यावं लागे आणि घरी परत आणावं लागे. त्याच दशकात इंग्रज सरकारने महारांची भरतीच बंद करून टाकली. पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्यांना, निघा. वर्दी उतरली की मान आपोआप टिकत नाही, तो आजूबाजूच्यांनी टिकवायचा असतो, याचं याहून जवळचं उदाहरण इंदूरच्या माणसाला कुठे मिळणार? दर १४ एप्रिलला आपल्या डोळ्यांदेखत लाखो लोक महूला जातात. बाबासाहेबांच्या त्या गोष्टीत एक निवृत्त फौजी बाप आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक, पुढचं. २०२२ पासून भरती अग्निपथमधून होते. चार वर्षांची नोकरी, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे ठेवायचे, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांची सेवानिधी देऊन घरी. पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२२-२३ च्या हिवाळ्यात सुरू झालं, म्हणजे २०२६-२७ पासून बावीस-पंचवीस वर्षांचे ‘माजी सैनिक’ आपल्या गल्ल्यांत परत येणार. योजना चांगली की वाईट यावर इथे भांडण नको, ते दुसऱ्या लेखात करू. पण ‘पेन्शन मिळते ना’ हे वाक्य त्या पोरांना लागू पडणार नाही. तुमचं दुकान असेल, कारखाना असेल, कुणाची शिफारस करायची ताकद असेल, तर त्यांचा बायोडेटा दोन मिनिटं जास्त वाचा. चार वर्षांची ती रिकामी जागा नव्हे.

राहता राहिले तुमचे काका. त्यांनी काही मागितलं नाही, हे मला पूर्ण पटतं. ही माणसं मागत नाहीत. काउंटरवर मी पाहिलंय: बाकीचे ग्राहक ‘माझं काम अडलंय’ म्हणत यायचे, फौजी ‘कधी येऊ?’ विचारायचा आणि सांगितल्या दिवशी पावणेदहाला शटरबाहेर उभा असायचा. बाटली आणि पेपर यात ते खूष असतील तर त्यांना खूषच राहू द्या, उगाच शाल-श्रीफळ घेऊन जाऊ नका, दोघांनाही अवघडेल.

फक्त या रविवारी जाल तेव्हा त्यांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, मागून घ्या. काकूंचं नाव त्यावर आणि आधारवर एकसारखं आहे का, स्पेलिंगसकट, ते ताडून बघा. जन्मतारीख बघा. खातं जॉइंट आहे का विचारा. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखाना योजनेचं, कार्ड काकूंचंही निघालंय का तेही विचारा. पुष्कळ जण स्वतःचं काढतात आणि तिचं ‘नंतर बघू’ म्हणून ठेवतात. नावात फरक निघाला तर काका हयात असतानाच दुरुस्ती करून घ्या, त्यांच्या एका सहीने जे होतं त्यासाठी नंतर काकूंना पिशवीची गाठ सोडत उभं राहावं लागेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा नमुना मिळेल. आणि ‘स्पर्श’वर मोबाइल नंबर कोणाचा टाकलाय ते बघा. तुमचाच निघाला, तर नोव्हेंबरात फोन उचला.