चार्टवरचे बाण

गेल्या आठवड्यात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दहावीतल्या एका मुलाने चार्ट करून आणला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, अगदी कल्कीपर्यंत सगळे, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे लाल स्केचपेनचे बाण. वर मथळा : 'डार्विनच्या आधी आपले ऋषी'. म्हणजे मासा, मग कासव, मग डुक्कर आणि शेवटी माणूस, असा अवतारांचा क्रम हीच उत्क्रांती. चित्रं इतकी सुंदर होती की मी बराच वेळ बघत राहिले. त्याच्या घरात दशावतारी नाटकातले कलाकार आहेत, हात तिथूनच आलाय. शेजारी सहावीतली एक मुलगी उभी होती. तिने विचारलं, "बाई, मगे ह्येच्यात संकासुर खंय बसता?"

तळकोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकाआधी गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती येतात आणि मग काळा बुरखा घातलेला संकासुर. तो वेद पळवतो, मालवणीत बोलून लोकांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. मत्स्यावतार आम्ही लहानपणापासून असा पाहिलाय. मासा आला तो वेद परत आणायला. वराह आला बुडालेली पृथ्वी वर काढायला, नरसिंह आला प्रल्हादासाठी. अवतरणे म्हणजे खाली उतरणे. कुणाच्या तरी हाकेला देव उतरून येतो, ही त्या कथेची जान आहे. चार्टमध्ये संकासुराला जागा नव्हती, प्रल्हादालाही नव्हती. त्या मुलीला ते आधी दिसलं, मला नंतर.

मी श्रद्धाळू बाई आहे. देवीची ओटी भरते, दशावताऱ्यांच्या पेटाऱ्याला हात जोडते. आणि वीस वर्षं उत्क्रांती शिकवते. म्हणूनच दशावतार म्हणजे उत्क्रांती असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला वाईट वाटतं. दोन्हीकडून वाटतं.

आधी पोथीकडून. भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतारांची यादी आहे. त्यात पहिले सनत्कुमार, दुसरा वराह. मत्स्य थेट दहावा आणि कूर्म अकरावा. म्हणजे 'आधी पाण्यातला, मग जमिनीवरचा' हा क्रम पोथीने पाळलेलाच नाही. 'शतपथ ब्राह्मण' या वैदिक ग्रंथात मनूला वाचवणारा मासा आहे, पण तिथे तो विष्णूचा अवतार नाही, आणि कूर्म आहे तो प्रजापतीचं रूप. या कथा शतकानुशतकं वाढत, एकमेकींत मिसळत आल्या. त्यांना डार्विनच्या साच्यात बसवायचं तर निम्म्या कथा कापाव्या लागतात.

आता विज्ञानाकडून. कूर्म म्हणजे उभयचराची पायरी असं सांगतात, पण कासव उभयचर नाही, सरपटणाऱ्या प्राण्यांतलं आहे. डुक्कर आणि सिंह आपले पूर्वज नाहीत. खूप मागे जाऊन आपला आणि त्यांचा पूर्वज एक होता. उत्क्रांती ही शिडी नाही, फांद्या फुटत गेलेलं झाड आहे, आणि त्याच्या शेंड्यावर माणूस बसलेला नाही. याचा उत्तम पुरावा आपल्याच देशात सापडला. जम्मूतल्या कालाकोटच्या खडकांतून 'इंडोह्यस' नावाच्या, साधारण 4.8 कोटी वर्षांपूर्वीच्या छोट्या खुरवाल्या प्राण्याचे जीवाश्म मिळाले. हा देवमाशांच्या जवळचा नातलग. देवमाशांचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात गेले! बाणांच्या चार्टमध्ये ही वाट कुठे दाखवायची?

2018 च्या जानेवारीत औरंगाबादेत केंद्रातले एक राज्यमंत्री म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी मिळून त्याचा निषेध केला. वर्षभराने जालंधरच्या सायन्स काँग्रेसमध्ये एक कुलगुरू म्हणाले की दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत आहे. एक म्हणतो डार्विन खोटा, दुसरा म्हणतो डार्विन आमचाच. पुरावा बघायला दोघेही थांबले नाहीत. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा मला खरोखर रडू आलं. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. तो तिथेच राहावा, एवढंच मागणं आहे.

श्रद्धा आणि विज्ञान एकत्र नांदू शकतात, हे मला 2024 मध्ये फार छान दिसलं. कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीत 2005 मध्ये सापडलेले 27 मणके आधी मगरीसारख्या प्राण्याचे वाटले होते. ते निघाले एका सापाचे, 4.7 कोटी वर्षांपूर्वीच्या, 11 ते 15 मीटर लांब. रुरकी आयआयटीच्या संशोधकांनी नाव ठेवलं 'वासुकी इंडिकस'. नावासाठी त्यांना शंकराच्या गळ्यातला नाग आठवला, वयासाठी त्यांनी खडकाचे थर वाचले. समुद्रमंथनाची गोष्ट खरी ठरली असं त्यांनी कुठेही म्हटलं नाही.

त्या मुलाला मी चार्ट फाडायला सांगितलं नाही. ओहोटीच्या वेळी दोघा-तिघांना घेऊन खाडीवर गेले. चिखलात निवटे पुढच्या परांवर रेलून सरकत होते, कांदळाच्या मुळांवर चढत होते. हे आपले पूर्वज नव्हेत, आजचेच मासे आहेत, पण पर जमिनीवर कसे कामाला येतात ते बघा, म्हटलं. तो अर्धा तास उकिडवा बसून बघत होता. मग विचारलं, "बाई, ह्यांचो चार्ट केलो तर चलात?"

प्रदर्शनात त्याने दोन चार्ट लावले. एकावर निवटे. दुसऱ्यावर दहाही अवतार तसेच, मथळा नवा, बाण खोडलेले, आणि मत्स्याच्या बाजूला काळा संकासुर.