नळदुर्गला गाडी थांबवा

देशभरातल्या आडबाजूच्या जागांची तुम्ही दिलेली यादी छान, पण तीत मराठवाड्यातून पुन्हा वेरूळ-दौलताबादच? अहो, सोलापूर-हैदराबाद महामार्गाला खेटून नळदुर्गचा किल्ला आहे. लोक चहा पितात नि पुढं निघतात. आदिलशाहीत बोरी नदीवर बांध घातला आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल काढला. पाऊस दणकून झाला की बांधावरून नर आणि मादी नावाचे दोन धबधबे सुटतात. महालात खिडकीशी उभं राहा, समोर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसतात, अन् अंगावर येतात ते नुसते तुषार. (उन्हाळ्यात जाऊन नावं ठेवू नका.)

मराठवाड्यातल्याच तेर गावचं त्रिविक्रम मंदिरही यादीत राहिलंच. विटांचं, मागून अर्धगोल, बौद्ध चैत्यासारखं. १ल्या शतकातल्या ग्रीक नोंदीतलं तगर हे व्यापारी शहर म्हणजे हेच तेर. तिथल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली चुकवू नका.