रेघा ओढा, नाव कमवा

पेटीएमच्या शेअरवर बोलायला अर्थशास्त्र लागत नाही. लॅपटॉप लागतो, आणि काळ्या पडद्यावर लाल-हिरव्या कँडल, म्हणजे भावाचा चढउतार दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्या. ताळेबंद वाचणाऱ्याला मंगळवार पेठेत कोण विचारतंय? तेव्हा चार्टतज्ज्ञ व्हा. गेल्या रविवारी आमच्या मामांच्या घरी शेअरबाजाराचे क्लास घेणाऱ्या एका तज्ज्ञांचं प्रात्यक्षिक जवळून बघायला मिळालं, त्यामुळे माहिती ताजी आहे.

आधी सपोर्टची, म्हणजे भाव हिच्या खाली जाणार नाही अशी, रेघ मारायला शिका. नोव्हेंबर 2021 मध्ये आयपीओ, म्हणजे लोकांना पहिली शेअरविक्री, 2150 रुपयांनी आला आणि पहिल्याच दिवशी भाव 1564 च्या आसपास बंद झाला. रेघ 1500 ला मारा. तुटली की 1000 ला. तीही तुटली की 500 ला. आवाजातला ठामपणा मात्र दर वेळी तोच हवा: "भावा, हितनं खाली जात न्हाई!" जुनी रेघ पुसायला विसरू नका.

आरएसआय, म्हणजे भावाचा जोर 0 ते 100 मध्ये मोजणारा आकडा, 30 च्या खाली गेला की "ओव्हरसोल्ड" म्हणा, म्हणजे जास्तच विकला गेलाय, आता वर येणार. शेअर तिथेच कितीही दिवस लोळत पडू शकतो, हे सांगू नका.

"ॲव्हरेज करा." म्हणजे पडत्या भावात आणखी घ्या. हे पाठच करा. पैसे समोरच्याचे असतात.

आता मुख्य विद्या: जे होऊन गेलं, ते आपल्याला आधीच दिसत होतं असं म्हणणं. 31 जानेवारी 2024 ला, बाजार बंद झाल्यावर, रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला 29 फेब्रुवारीनंतर ठेवी घ्यायला मनाई केली. त्या दिवशीच्या 761 च्या कँडलवर बोट ठेवून तज्ज्ञ मामांना म्हणाले, "इथंच डिस्ट्रिब्युशन, म्हणजे मोठ्यांची गुपचूप विक्री, दिसतंय बघा. स्टॉपलॉस लावला असता तर वाचला असता."

स्टॉपलॉस म्हणे, ठरवलेल्या भावाला आपोआप विकायची ऑर्डर! दुसऱ्या दिवशी शेअर उघडला तोच वीस टक्के खाली, 609 ला लोअर सर्किट, म्हणजे त्या दिवशी भाव याहून खाली जाऊच शकत नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत वीस टक्के, 487. मग सर्किटची मर्यादा दहा टक्क्यांवर आणली, तर सोमवारी तीही लागली. समोर घेणारा नसेल तर स्टॉपलॉस विकणार कुणाला? ऑर्डर ट्रिगर होते आणि रांगेत जाऊन बसते. तेव्हा मामा विकायची ऑर्डर लावून सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत मोबाईल धरून बसले होते. मामींनी वाढलेला पांढरा रस्सा गार होऊन वर साय धरली, तरी "पेंडिंग" काही हललं नाही. रिझर्व्ह बँकेच्या फायलीत डोकावणारी कँडल कुठली, ते तरी दाखवा! आणि पेटीएमच्या बँकेला नवे ग्राहक घ्यायला मार्च 2022 मध्येच मनाई झाली होती. ते पेपरात छापून आलं होतं. पेपर वाचायला फी नाही, म्हणून क्लासमध्ये शिकवत नसावेत.

मे 2024 मध्ये शेअर 310 च्या आसपास गेला तेव्हा फोन बंद ठेवायचा. वर्षाअखेर हजार ओलांडला की तोच फोन चालू करून "मी म्हटलं नव्हतं?" हजार म्हणजे 2150 च्या निम्मेसुद्धा नाहीत, हा हिशेब काढणारा बाजारातला निगेटिव्ह माणूस.

बास झालं आता. तज्ज्ञ साहेब, तुम्हालाच विचारतो. मामा एसटीतून रिटायर झाले, त्या पैशातून तुम्ही क्लासची फी घेतली. डिमॅट उघडायला लावलंत, त्याचं कमिशन वेगळं. आणि रविवारी आलात ते ॲडव्हान्स बॅचची फी मागायला! शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची नोंदणी विचारली तर म्हणता, "आम्ही फक्त एज्युकेशन देतो." जानेवारी 2025 मध्ये सेबीने सांगितलं होतं, शिकवायचं तर किमान तीन महिने जुने भाव घेऊन शिकवा. मग मामांच्या मोबाईलवर "आज बाय करा, टार्गेट अमुक" हे मेसेज कुठल्या धड्यात येतात? फीची पावती मागितली तर "कॅश होती." लाज वाटत नाही? म्हाताऱ्या माणसाला त्याचीच चूक समजावून सांगता, तेही त्याच्याच सोफ्यावर बसून, त्याचाच चहा पिऊन!

मामा भिडस्त आहेत, मी नाही. पुढच्या वेळी येताना नोंदणी क्रमांक आणि पावती घेऊन या, लॅपटॉप घरीच ठेवा.