घामाची शिकवणी

उन्हाळ्यात मोकळ्या हवेत व्यायाम करायचं म्हटलं की माझा उत्साह आणि माझं शरीर यांची कुंडली जुळत नाही. उत्साहाचं आयुष्य तीन दिवस. शरीराला उकाड्याची सवय व्हायला लागतात ७ ते १४. शरीर जेमतेम रुळायला लागतं, तेव्हा बूट पुन्हा माळ्यावर गेलेले असतात.

आत काय चाललंय हे कळलं तर चिडचिड जरा कमी होते. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो, त्यामुळे तेवढ्याच चालीला छाती कमी धडधडते. पुढे घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि कमी खारट होतो. म्हणजे मुरलेल्या माणसाला नवख्यापेक्षा जास्त घाम येतो. ही प्रगती शेजारी उभ्या असलेल्याला पटवून देणं अवघड.

म्हणून सुरुवात हिशेबानं. तासभर चालायचं ध्येय असेल तर पहिल्या दिवशी २० टक्के, म्हणजे १२ मिनिटं. मग २४, ३६, ४८ आणि पाचव्या दिवशी पूर्ण तास. आता या १२ मिनिटांची तयारी बघा. सनस्क्रीन ३० एसपीएफचं, निघण्याच्या १५ मिनिटं आधी. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. उघड्या अंगानं पोहायला जायचं असेल तर अंगभर साधारण ३० मिली. १०० मिलीची नळी तीन वेळांत आटोपते. आपण लावतो वाटाण्याएवढं, आणि काळवंडल्यावर नळीला नावं ठेवतो. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहतो. टक्कलही राहतं, पण ते विसरणं हा स्वाभिमानाचा प्रश्न असतो. शिवाय दर दोन तासांनी सगळं पुन्हा. ऊन किती कडक आहे हे सावली सांगते: ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की गुमान घरी फिरावं.

खरा दगाबाज मात्र दमटपणा. घाम नुसता गळून भागत नाही, तो अंगावर वाळला तरच गारवा मिळतो. हवेत आधीच भरपूर वाफ असेल तर घाम टपटपतो आणि शरीर तापतच राहतं. म्हणून ढगाळ, कोंदट सकाळ कोरड्या उन्हापेक्षा वाईट ठरू शकते. सायकलवर वारा लागतो तोवर आपण शूर. सिग्नलला थांबलो की सगळा घाम एकदम फुटतो. पोहणाऱ्यालाही घाम येतो, फक्त पुरावा मागे राहत नाही. म्हणून तहानेकडे दुर्लक्ष सर्वात जास्त तोच करतो.

पाण्याबद्दल सल्ले देणारे फार. त्यापेक्षा वजनकाटा बरा. जाण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून, शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करावं. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. वाटेत काही प्यायला असाल तर तेही त्यात मिळवा. घट वजनाच्या २ टक्क्यांवर गेली की दम आणि डोकं दोन्ही मंदावतात. उलट तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं. वजन वाढवून परत आलात, तर पाणी जास्त झालंय.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत त्याला सावलीत घेऊन अंगावर थंड पाणी ओतत, वारा घालत राहावं. नीट शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

राहिला वजनकाटा. तो ७०० ग्रॅम कमी दाखवतो, आणि हे निव्वळ पाणी आहे हे पक्कं ठाऊक असूनही मी दोन मिनिटं त्यावरून उतरत नाही.